सर्दी गेली, पण रात्रीची ढास जात नाही: घरच्या घरी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सर्दी होऊन तीन आठवडे होत आले, ताप नाही, नाकही मोकळं झालंय, पण रात्री पाठ टेकली की ढास लागते. दुकानातलं सिरप नको, घरातलं किंवा झाडपाल्याचं काहीतरी सांगा. घरात पाच वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचं बाळ आहे, तेही खोकताहेत.

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत 28 वर्षं शिकवलं. पहिली-दुसरीच्या वर्गात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईंना पोरांची सर्दी दर पावसाळ्यात आणि दर थंडीत मिळते, आणि सर्दी गेल्यावर खोकला महिनाभर मुक्काम करतो. घसा बसला की शिकवणं बंद. म्हणून या एका दुखण्याचा मी मनापासून पाठपुरावा केलाय. आईकडून शिकले, आमच्या गावातल्या वैद्यबाईंना विचारत गेले, डॉक्टरांनाही विचारलं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे निम्मी काळजी कमी होईल. सर्दीचा विषाणू आठवड्याभरात संपतो, पण जाताना घशाचं आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलवटून जातो. त्याखालची ज्ञानतंतूंची टोकं उघडी आणि हळवी होतात. मग गार वारा, फोडणीचा ठसका, मोठ्यानं हसणं, एवढ्यानंही उबळ येते. प्रत्येक उबळीनं तेच अस्तर पुन्हा ओरबाडलं जातं. अशा खोकल्याला थांबायला सरासरी अठरा दिवसांच्या आसपास लागतात, काहींना आठ आठवडेही लागतात. आपण मात्र आठव्या दिवशी घाबरतो आणि अँटिबायोटिक मागतो. विषाणूवर त्याचा काहीच उपयोग नसतो. घरच्या उपायांचं काम एवढंच, की अस्तर भरून येईपर्यंत घसा ओला, ऊबदार आणि शांत ठेवायचा, म्हणजे झोप लागते. कोणी तीन दिवसांत खोकला मुळापासून घालवण्याचा उपाय सांगितला, तर माझा त्यावर विश्वास नाही.

तरीही तुम्हाला एक काम सांगते आणि ते टाळू नका. आपल्याकडे दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकीची तपासणी करून घ्यायची, असा क्षयरोग कार्यक्रमाचा नियमच आहे. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट होते. बहुतेक वेळा काही निघत नाही, पण आपल्या देशात ही शंका मनात ठेवून काढे पीत बसू नये. रात्री घाम येणं, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप, कफात रक्त, छातीत घरघर किंवा धाप यातलं एकही असेल तर उपाय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

आता उपायांकडे येते. सगळ्यांत आधी मध. झोपायच्या अर्धा तास आधी मोठ्या माणसानं दोन चहाचे चमचे मध नुसता चाटायचा आणि वर लगेच पाणी प्यायचं नाही. त्याचा दाट थर घशावर बसतो, लाळ सुटते, उबळ कमी होते. हा नुसता आजीचा समज नाही. अमेरिकेत 2007 साली 105 मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना रात्री मध दिला, काहींना खोकल्याच्या सिरपमध्ये असतं ते औषध, काहींना काहीच नाही. आईवडिलांच्या नोंदींत मधाची रात्र सगळ्यांत शांत गेली. इस्रायलमध्ये 2012 साली 300 लहान मुलांना रात्री 10 ग्रॅम मध देऊन पाहिला, तेव्हाही खोकला आणि झोप दोन्ही सुधारली. आमच्याकडे महाबळेश्वरचा मध सहज मिळतो. तिथलं मांघर तर मधाचं गाव म्हणूनच 2022 मध्ये जाहीर झालं. पण जांभळाचा की कारवीचा, या वादात पडू नका. खात्रीचा असला म्हणजे झालं. मधुमेह असेल तर मात्र मध ही साखरच धरायची.

मधात आल्याचा रस घातला तर उत्तम. इंचभर आलं किसून पिळायचं, अर्धा चमचा रस आणि एक चमचा मध. साताऱ्याचं आलं तिखट असतं, एवढं पुरे. शाळेत माझ्या पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या असायच्या. वर्गात उबळ आली की एक वडी गालात धरायची. मोठ्यांसाठी लवंगही चांगली. तव्यावर जराशी शेकून दाढेखाली ठेवली की घसा थोडा बधिर होतो आणि खवखव थांबते. चावून खाऊ नका, तोंड पोळतं. बेहड्याची सालही अशीच चघळतात. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. चवीला तुरट आहे, पण कोरड्या ढासेला मला तिच्याइतका आराम दुसऱ्या कशानं पडला नाही.

तुमचा खोकला कोरडा आहे की ओला, हे तुम्ही लिहिलं नाही. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कोरड्या ढासेला ओलावा हवा: मध, ज्येष्ठमध, खडीसाखर, कोमट पाणी घोट घोट. ओल्या खोकल्यात कफ सुटायला हवा, तिथे अडुळसा.

माझ्या माहेरी, रत्नागिरीजवळ, परसाच्या कुंपणाला अडुळसाच होता. गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात. पांढरी फुलं यायची तेव्हा आम्ही ती उपटून देठातला गोड थेंब चोखायचो. अडुळशाची पानं तशीच वाटली तर रस निघतच नाही, चोथाच हाताला लागतो. पाच-सहा पिकत आलेली पानं धुऊन मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवायची, निवली की ठेचून फडक्यातून पिळायची. तो गडद हिरवा, कडूजहर रस दोन चहाचे चमचे, त्यात एक चमचा मध, सकाळ-संध्याकाळ. चार-पाच दिवसांत छातीत चिकटलेला बेडका सुटू लागतो. या पानांत वासिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं आणि पुढे त्यातून अँब्रॉक्सॉल आलं. आजही कितीतरी सिरपच्या बाटल्यांवर ही नावं दिसतात. मूळ झाड मात्र आपल्या कुंपणाला उभं आहे. गरोदर बाईनं अडुळसा अजिबात घेऊ नये, त्यानं गर्भाशय आकुंचन पावतं. तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर हे आठवणीनं सांगा.

सितोपलादी चूर्ण बहुतेक घरांत असतंच. पाव ते अर्धा चमचा मधात कालवून दिवसातून दोनदा चाटायचं. त्याचं प्रमाण ठरलेलं आहे: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. मधुमेहाच्या माणसाला आपण हे ‘आयुर्वेदिक आहे, चालतं’ म्हणून मधासकट देत राहतो, ते बरोबर नाही.

काढ्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. 2020 साली आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी आणि मनुका यांचा काढा सुचवला आणि घरोघरी पातेली चढली. मनुका कोणी घातल्या नाहीत, मिरी आणि सुंठ मात्र मूठमूठ. तसला जहाल काढा रात्री पिऊन आडवं झालं की पित्त उसळून घशाशी येतं आणि खोकला उलट वाढतो. तुमची ढास पाठ टेकल्यावरच लागते, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. काढा घ्यायचाच तर दिवसा, काहीतरी खाल्ल्यावर: गवती चहाच्या दोन पाती, तुळशीची सात-आठ पानं, आल्याचा लहान तुकडा, दोनच मिरे. दोन कप पाणी निम्मं होईपर्यंत उकळून गाळायचं, कोमट झाल्यावर गूळ किंवा मध. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरका. हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर घ्या, गरम आणि गुळगुळीत असल्यानं घशाला बरं वाटतं. पण त्यानं ढास थांबेल असं मी म्हणणार नाही.

ज्येष्ठमधाचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यानं आमच्या घरात नुकसान केलंय. वडिलांना सर्दीनंतर कोरडा खोकला लागला. दीड महिना मी त्यांना सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा करून दिला, वर दिवसभर चघळायला कांडी. खोकला तसूभर हलला नाही. उलट पायांना सूज आली आणि रक्तदाब, जो गोळीनं उतरायला हवा होता, तो चढला. शेवटी एका डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, की गोळीशिवाय घरात काय काय घेता? तेव्हा दोन गोष्टी उलगडल्या. रक्तदाबाची जी नवी गोळी सर्दीच्याच सुमारास सुरू झाली होती, ती रामिप्रिल-एनालाप्रिलच्या गटातली होती. या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. आणि ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी अडवून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब वाढवतं. म्हणजे खोकला गोळीचा, आणि त्यावर मी जे देत होते त्यानं रक्तदाब वाढत होता. डॉक्टरांनी गोळी बदलली, मी ज्येष्ठमध बंद केला, तीन आठवड्यांत खोकला गेला. बाबांनी एका शब्दानंही मला दोष दिला नाही, पण त्यांचे ते सुजलेले पाय अजून डोळ्यांपुढे येतात. तेव्हा ज्येष्ठमध चांगला आहे, कोरड्या घशाला खरोखर मऊपणा देतो, पण निरोगी माणसानं चार-सहा दिवस, बोटाच्या पेराएवढा तुकडा चघळावा, तेवढाच. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर नकोच. आणि तुम्ही रक्तदाबाची गोळी घेत असाल तर तिचं नाव डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून मात्र बंद करू नका.

रात्रीच्या ढासेचं आणखी एक कारण नाकात असतं. नाक मोकळं वाटलं तरी आतला शेंबूड आडवं झाल्यावर घशात उतरत राहतो. डोक्याखाली आणखी एक उशी घ्या, तीही खांद्यापासून उतार येईल अशी. झोपण्याआधी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. जलनेती, म्हणजे एका नाकपुडीतून मीठपाणी घालून दुसरीतून काढणं, येत असेल तर फार फायदा होतो: पाव लिटर पाण्याला सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. पण पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं किंवा विहिरीचं थेट कधीच नाही. केरळात अमीबामुळे मेंदूज्वर होऊन माणसं दगावली आहेत, आणि तो अमीबा पाण्यातून नाकावाटेच शिरतो.

वाफेनं नाक सुटतं, बरं वाटतं, खोकल्यावर मोठा परिणाम होत नाही. मोठ्यांनी घ्यावी. मुलांना उकळत्या पातेल्यासमोर बसवू नका. पातेलं कलंडून भाजलेलं पोर मी माझ्या वर्गात पाहिलंय.

आता तुमच्या मुलांचं. मुलीसाठी सिरप नको म्हणताय ते योग्यच आहे. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपनं लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि कितीतरी घरं उजाडली. चांगलं सिरपसुद्धा पाच वर्षांखालच्या मुलांना सहसा देऊ नये, असंच आरोग्य खात्याचं सांगणं आहे. मुलीला रात्री दोन चहाचे चमचे मध द्या, मग चूळ भरायला लावा, दिवसा कोमट पाणी, मुगाचं कढण, पातळ भात. लवंग, बेहडा किंवा खडीसाखरेचा खडा तिच्या तोंडात ठेवायला देऊ नका, उबळीत घशात अडकतो. खोकून खोकून उलटी होत असेल किंवा उबळीनंतर श्वास आत घेताना ‘हूप’ असा आवाज येत असेल, तर तो डांग्या खोकला असू शकतो. लस झालेली असली तरी दाखवा.

आठ महिन्यांच्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटाला लावूनसुद्धा नाही, गुटीतूनही नाही, आजेसासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी नाही. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषानं बाळ लुळं पडतं. छातीला कापूर, नाकापाशी बाम, ओव्याची धुरी हेही नको. ओवा तव्यावर शेकून त्याची पुरचुंडी आपल्या मनगटाला सोसते का पाहून बाळाच्या पाठीला हलकेच शेकली तर चालेल. अंगावरचं दूध वारंवार पाजा, नाक भरलं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे नुसत्या मीठपाण्याचे थेंब पाजण्याआधी एक-एक घाला. आणि बाळ झोपलेलं असताना त्याची बंडी वर करून घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. 50 किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या.