मुलगा उलट बोलतो, अभ्यास टाळतो; शिक्षा म्हणून त्याचा कराटेचा क्लास बंद करावा का?

नाही, क्लास चालू ठेवा. शिक्षाच करायची तर मोबाइलचा वेळ कमी करा. मी लहान मुलांना कराटे शिकवते. लाथा-बुक्के नंतर येतात. आधी वाकून नमस्कार, आपली पाळी येईपर्यंत गप्प उभं राहणं आणि ‘यामे’ (म्हणजे ‘थांबा’) ऐकताच अर्ध्यावर आलेला हात तिथेच थांबवणं, हे रोज घोटून घ्यावं लागतं. तुमच्या मुलाला नेमकी याचीच गरज आहे, मग तेच का काढून घ्यायचं? शिवाय खाडे पडले की बेल्टची परीक्षा लांबते आणि जोडीदाराचाही सराव बुडतो. मात्र शिकलेला डाव त्याने भावंडावर किंवा वर्गातल्या मुलावर वापरला असेल, तर लगेच कराटेच्या सरांना सांगा. जोडीचा सराव काही दिवस थांबवायचा का, हे त्यांना ठरवू द्या.