स्ट्रोकनंतरचा हात आणि नवी मशीन्स : तुमचे प्रश्न

या वेळी स्ट्रोकबद्दल एवढे प्रश्न आलेत की अख्खं सदर त्यालाच देतेय. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे हातावर जास्त बोलणं होईल, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, बाबांना स्ट्रोक होऊन दीड वर्ष झालं. हात खांद्यातून थोडा उचलतात पण बोटं उघडत नाहीत. सगळे म्हणतात सहा महिन्यांनंतर काही होत नसतं. आता एका सेंटरने रोबोटिक थेरपी सुचवलीय. करावी का?

आधी त्या सहा महिन्यांचं बोलते, कारण हे एक वाक्य ऐकून व्यायाम सोडून दिलेली किती घरं मी बघितलीत आणि दर वेळी जीव तुटतो. सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे हे खरंच आहे. अमेरिकेत ७२ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०२१ ला आला, नेहमीच्या थेरपीवर २० तास जादा दिले तर ज्यांना ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मिळाले त्यांचा हात सगळ्यात जास्त सुधारला आणि सहा महिने उलटून गेलेल्यांना तेवढ्याच २० तासांचा काही फरक पडला नाही. एवढंच वाचलं तर वाटेल संपलं सगळं. पण लंडनला क्वीन स्क्वेअरच्या मेंदूविकारांच्या हॉस्पिटलमध्ये हातासाठी एक प्रोग्रॅम चालतो, तीन आठवड्यांत ९० तास, तिथे आलेल्या २२४ जणांचे रिझल्ट २०१९ ला छापून आले, त्यातल्या निम्म्या लोकांना स्ट्रोक होऊन दीड वर्ष किंवा जास्तच झालेलं, तरी हात सुधारले आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, ते लक्षात ठेवूनच सांगतेय. पण माझा अनुभवही हाच आहे की उशीर झाला असेल तर डोस वाढवावा लागतो, २० तासांत भागत नाही.

आता रोबोट, म्हणजे हात बांधून तो हलवायला मदत करणारं मशीन. ब्रिटनमध्ये ७७० पेशंट घेऊन मोठी ट्रायल झाली, २०१९ ची, आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, १२ आठवडे. रोजच्या वापरात हात किती चालतो हे बघितलं तर रोबोटवाले नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा पुढे गेले नाहीत. याचा अर्थ मशीन टाकाऊ आहे असा नाही. मशीनचा खरा उपयोग एकच, रिपिटिशन, म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणं. साध्या सेशनमध्ये पेशंट हात कामासाठी किती वेळा हलवतो हे एका अभ्यासात मोजलं होतं, सरासरी ३२ वेळा भरलं, आणि प्राण्यांच्या प्रयोगात मेंदूत बदल दिसतो तो रोज काहीशे वेळा केल्यावर. हे वाचल्यापासून मी खिशात मोजायचं छोटं काउंटर ठेवते. पहिल्या दिवशी एका काकांचे ४१ भरले, मला वाटत होतं शंभर तरी झाले असतील, मलाच धक्का बसला. मग टेबलावर टॉवेल ठेवून पुढे सरकवणं, ग्लास धरून सोडणं, असं तुकड्यातुकड्याने करत त्याच एका तासात अडीचशेपर्यंत गेलो.

म्हणून सेंटरला दोन गोष्टी विचारा. एका सेशनमध्ये किती रिपिटिशन होतात, आणि बाबा स्वतः जोर लावतायत का मशीन हात फिरवतंय आणि ते नुसते बसलेत, हे तुम्ही कसं बघता. दुसऱ्याचं उत्तर नीट आलं नाही तर मी तरी हो म्हणणार नाही. बोटं मिटलेली राहतात त्याला ताठरपणा कारण आहे का ते न्यूरोलॉजिस्टला दाखवा, तसं असेल तर बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायू सैल करता येतो, आणि करंट देऊन बोटं उघडायची मशीन, तिच्यासोबत वस्तू धरायचा-सोडायचा सराव, हे रोबोटच्या आधी करून बघण्यासारखं आहे.

प्रश्न : मानेतल्या नसेला करंट देणारं यंत्र बसवलं की हात सुधारतो असं वाचलं. आईला उपयोग होईल का?

तुम्ही व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशनबद्दल वाचलंय. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ ला याला मंजुरी दिली. कॉलरबोनखाली छोटं यंत्र बसवतात, तिथून वायर मानेतल्या नसेपर्यंत जाते. पेशंट हात पुढे करतो, वस्तूला हात घालतो, नेमक्या त्या क्षणी थेरपिस्ट बटण दाबते आणि अर्धा सेकंद करंट जातो. मेंदूला जणू सांगितलं जातं की आत्ता जे केलंस ते लक्षात ठेव. ट्रायलमध्ये १०८ जण होते, ऑपरेशन सगळ्यांचं झालं पण खरा करंट निम्म्यांनाच, व्यायाम मात्र सगळ्यांना सारखाच. ठळक म्हणावी अशी सुधारणा करंटवाल्यांत ४७ टक्के लोकांना झाली, बाकीच्यांत २४ टक्के. म्हणजे फायदा आहे, पण करंट असूनही निम्म्याहून जास्त लोकांना तेवढा फरक पडला नाही, आणि नुसत्या व्यायामावरही चौघांतला एक सुधारला, हे दोन्ही आकडे आईला सांगा. शिवाय ती ट्रायल रक्ताची गुठळी होऊन झालेल्या स्ट्रोकवर होती, मेंदूत रक्तस्राव झालेल्यांवर नाही. स्ट्रोक होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेले लोक त्यात होते, हे मला फार आशेचं वाटतं. आवाज बसणं, खोकला हे त्रास होऊ शकतात. आणि यंत्र बसवून व्यायाम केला नाही तर काहीच मिळत नाही, म्हणून आधी आईला विचारा की त्या सरावाला तयार आहेस का.

प्रश्न : सासऱ्यांना काल स्ट्रोक झालाय. जेवढ्या लवकर चालवू तेवढं बरं ना?

घाई नको. २०१५ ला २१०४ पेशंटवरची ट्रायल आली, पहिल्या २४ तासांत सुरू करून वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या लोकांपैकी तीन महिन्यांनी ४६ टक्के चांगल्या स्थितीत होते, नेहमीच्या पद्धतीने गेलेल्यांत ५० टक्के. उठवायचंय, पण थोडं थोडं, आणि वॉर्डमधले फिजिओ सांगतील तेव्हाच. दुबळा हात धरून ओढून मात्र कधीच उठवू नका, खांदा निखळतो आणि ते दुखणं मग महिनोन्‌महिने जात नाही.

प्रश्न : स्टेम सेल (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) देऊन उपचार करतात म्हणे, ते करावेत का?

अजून नाही. संशोधन चालू आहे, ट्रायलमध्ये रीतसर घेत असतील तर विचार करा, पण पैसे घेऊन खात्री देणाऱ्यांकडे जाऊ नका.

प्रश्न : यांचं बोलणं गेलंय, समजतं सगळं पण शब्द सापडत नाही. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदाच मिळतात. ॲपचा उपयोग होतो का हो?

होतो, पण कुठे होतो ते कळलं पाहिजे. ब्रिटनमध्ये २७८ लोकांची ट्रायल झाली, त्यातल्या एका गटाने घरी कॉम्प्युटरवर स्वतःच शब्दांचा सराव केला, सहा महिने. सराव केलेले शब्द सापडायला लागले पण गप्पा आपोआप सुधारल्या नाहीत. म्हणून शब्द निवडण्यात जीव ओता. त्या ट्रायलमध्ये प्रत्येकाला स्वतःच्या कामाचे १०० शब्द निवडायला दिले होते. ॲपमध्ये आयते आलेले हत्ती-घोडे काय कामाचे? त्यांच्या यादीत नातवंडांची नावं टाका, त्यांच्या कामातली हत्यारं, रोज जे मागताना अडकतात ते, आणि तो शब्द त्या दिवशी खरंच लागेल अशी वेळ तुम्ही आणा, चष्मा हवा असेल तर मुद्दाम हातात देऊ नका, थांबा, दहा सेकंद मनात मोजा. हे दहा सेकंद तुम्हालाच जड जातील. नाहीच आला तर पहिलं अक्षर सांगा, पूर्ण शब्द नको.