घोड्यांच्या कामाचा कुमितेला उपयोग होतो का?

तबेल्यात काम धरले आहे, त्याचा कराटेच्या कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी होणाऱ्या लढतीत, काही फायदा होईल का, असे आपण विचारले आहे. होईल, मात्र रपेटीने नव्हे, खरारा करण्याने आणि खूर साफ करण्याने. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे आमचे घर घोड्यांवर चालत असे आणि क्लाससाठी मी खाली नेरळला जात असे. "लिदीचा वास घेऊन येतोस, त्यापेक्षा दोरीच्या उड्या मार," असे आमचे सर चारचौघांत सुनावत. ते मला आजही मान्य नाही.

आमच्याकडे मागच्या पायाला हात लावू न देणारी एक घोडी होती आणि वडिलांनी ती मुद्दाम माझ्याकडे सोपवली होती. घोड्याच्या मागून जायचे तर पुठ्ठ्यावर हात ठेवून त्याच्या अंगाला लागून जावे, नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून जावे; कारण लाथेला खरा जोर येतो तो मधल्या अंतरात. लाथ झाडण्याआधी ही घोडी कान मागे पाडी, शेपूट आवळी आणि भार दुसऱ्या पायावर घेई. विसावलेला घोडाही एक मागचा पाय ढिला सोडतोच, त्यामुळे नुसते पायाकडे पाहून काही कळत नाही. सगळे अंग एकदम पाहावे लागते. शिवाय मी श्वास रोखला, की तीही ताठरत असे.

पुढे कुमितेत वरच्या पट्ट्याचा एक मुलगा माए गेरी, म्हणजे समोरची लाथ, मारणार, हे त्याचा भार मागच्या पायावरून सरकतानाच मला दिसू लागले. मागे हटण्याऐवजी मी आत शिरत असे आणि त्याची लाथ गुडघ्यापाशीच अडत असे. सरांनी त्याचे श्रेय दोरीच्या उड्यांना दिले!

आता हेही सांगितले पाहिजे, की घोडा हूल देत नाही, माणूस देतो. त्यामुळे जोडीदाराबरोबरच्या सरावाला पर्याय नाही. घोड्याला शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जावे. काही घोडे बाजूलाही लाथ मारतात, तेव्हा सुरुवातीला जाणता माणूस शेजारी असावा. आपले सरही या कामाला हसत असतील, तर त्यांना एकदा तबेल्यात बोलावून मागचा खूर उचलायला सांगावे.