औद्योगिक शहराची अर्थव्यवस्था नेमकं कोण बदलतं: सरकार, कारखानदार की कामगार?

एकटं कुणीच नाही. सरकार जमीन, वीज, रस्ते देतं. मोठा कारखाना माणसं ओढून आणतो. पण खरी मुळं धरतात ती नोकरी सोडून स्वतःची लेथ (धातू कातून सुटे भाग घडवणारं यंत्र) टाकणाऱ्या कामगारांमुळे, असं माझं मत.

अमेरिकेतलं पिट्सबर्ग बघा. १९८०च्या दशकात पोलादधंदा बसला. शेजारच्या होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, आज तिथे शॉपिंग सेंटर आहे. शहर सावरलं ते मुख्यतः विद्यापीठं आणि रुग्णालयांनी. यूएस स्टील या पोलाद कंपनीच्या उंच टॉवरच्या माथ्यावर आता यूपीएमसी या रुग्णालयसमूहाचं नाव झळकतं! भट्टीवरच्या कामगाराला मात्र तिथे कोण घेणार? हजारोंनी गाव सोडलं.