‘कोहाकू’ला मराठीत काय म्हणावे?

शोभेच्या माशांविषयी मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘कोई’ आणि ‘निशिकीगोई’ यांत फरक कोणता, आणि ‘कोहाकू’, ‘सांके’, ‘शोवा’ या त्यांच्या वाणांच्या नावांना मराठी प्रतिशब्द द्यावेत का.

जपानी भाषेत ‘कोई’ म्हणजे कार्प मासा, मग त्याचा रंग कोणताही असो. म्हणून ‘कोई कार्प’ ही द्विरुक्तीच आहे. जपानमधल्या नीगाता प्रांताच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पांतून एकोणिसाव्या शतकात जे रंगीत वाण निवडून वाढवले, त्यांचे नाव ‘निशिकीगोई’. ‘निशिकी’ म्हणजे अनेक रंगांच्या धाग्यांनी विणलेले भारी रेशमी वस्त्र, जवळजवळ आपला किनखाब. समासात उत्तरपदाच्या आरंभीचा ‘क’ मृदू झाल्याने ‘कोई’चा ‘गोई’ झाला. ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ म्हणणाऱ्यांना हा बदल परका वाटू नये, जरी तेथे तो पूर्वपदाच्या शेवटी होतो.

‘कोहाकू’चा शब्दशः अर्थ तांबडा-पांढरा. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा’ या म्हणीतले दोन्ही बैल येथे एकाच अंगावर आले आहेत, आणि वर्णन करताना ‘ढवळा-पवळा’ म्हणणे मला मनापासून आवडेल. नाव म्हणून मात्र ‘कोहाकू’च ठेवावे, कारण पुढच्या दोन नावांपाशी भाषांतर अडते. ‘सांके’ म्हणजे तिरंगी, पण ‘शोवा’ही पांढरा, तांबडा आणि काळा असा तिरंगीच असतो. पहिल्याचे पूर्ण नाव ‘तैशो सांके’. जपानी सम्राटांच्या कारकिर्दींपैकी तैशो काळातला (1912 ते 1926) तो, आणि दुसरा त्यानंतरच्या शोवा काळातला, म्हणून ती नावे. खरा भेद काळ्या रंगाच्या जागेत आहे. त्या रंगाला जपानीत ‘सुमी’, म्हणजे शाई, म्हणतात. चांगल्या सांकेचे डोके शाईपासून मुक्त असते आणि पाठीवर पांढऱ्या कागदावर पडावेत तसे थेंब दिसतात. शोवात तीच शाई डोक्यावरही चढते, पोटाकडे वळते आणि छातीच्या परांच्या मुळाशी गडद साचते. शोवाची जी पिले अगदी सुरुवातीला काळी दिसतात, तीच पैदासकार निवडून ठेवतात. ‘तिरंगी’ या शब्दात यातले काहीच उतरत नाही.

‘तांचो’ हे नाव डोक्यावर लाल डाग असलेल्या क्रौंच पक्ष्यावरून आले आहे. त्या माशाच्या अंगावर तांबडा रंग केवळ माथ्यावरच असतो. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेल्या घोड्याला आपण ‘पंचकल्याणी’ म्हणतो, तेही रंगापेक्षा रंगाच्या जागेवरून ठेवलेले नाव आहे.

लेखनाविषयी एवढेच, की मराठीत अंत्य इकार-उकार दीर्घ लिहितात, तेव्हा ‘कोई’ आणि ‘कोहाकू’ हीच रूपे वापरावीत.