नवरा रोज पितो, सासू म्हणते वरणात गोळी मिसळून दे. काय करू?

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: सासूबाई आणून देतात ती 'दारू सोडवायची गोळी' गुपचूप द्यावी का, घरात मर्यादा कशा घालाव्यात, आणि नऊ वर्षांच्या संसारातून निघून जावं का. व्यसनाच्या वॉर्डात पेशंटपेक्षा त्याच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. त्यातली पहिली गोष्ट वाचली आणि माझं डोकं तापलं, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

'दे वं मिसळून, त्याले का समजते!' हा सल्ला नागपुरात इतका फिरतो की मेडिकलच्या दुकानातही कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते, 250 मिलिग्रॅमची. ती दारूची इच्छा मारत नाही. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं, ते मोडणारं एन्झाइम ती बंद पाडते. त्यामुळे घोट पोटात गेल्यावर दहा ते तीस मिनिटांत चेहरा लालभडक होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात आणि बीपी खाली येतं. बहुतेकांचं एवढ्यावर निभावतं. पण हृदयाचा त्रास असलेला, लिव्हर बिघडलेला किंवा एका दमात हाफ रिचवणारा माणूस यात जाऊही शकतो. आणि तेव्हा तो तुमच्यासमोर नसतो. बारमध्ये असतो, नाहीतर रिंग रोडवर गाडी चालवत असतो. त्याने गोळी घेतली आहे हे त्याला, त्याच्या दोस्ताला, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला, कुणालाच ठाऊक नसतं.

समजा जिवावर बेतलं नाही. मग तो म्हणतो, 'त्या बारचा माल नकली आहे,' आणि बार बदलतो. केव्हातरी गोळीचं पाकीट सापडतं आणि त्या दिवसापासून तो घरचं जेवत नाही. त्यानंतर तुम्ही डॉक्टरचं नाव काढा, त्याच्या डोक्यात एकच येणार: ही मला औषध घालते.

गंमत अशी की हीच गोळी उघडपणे दिली तर तिचा उपयोग चांगला होतो. डॉक्टरने लिव्हरची तपासणी केलेली, शेवटच्या घोटाला किमान बारा तास उलटलेले, नवऱ्याने 'हो, घेतो' म्हटलेलं, आणि रोज सकाळी चहाआधी तो ती तुमच्यासमोर पाण्यात विरघळवून पितो. याला देखरेखीखालचं डायसल्फिराम म्हणतात. फक्त 'घेतलीस का?' एवढंच विचारायचं, वर प्रवचन नको. या काळात अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब आणि दाढीनंतरचं लोशनही बंद, आणि गोळी थांबवल्यावरही लगेच नको, कारण तिचा असर चौदा दिवसांपर्यंत राहू शकतो. सासूबाईंनी आधीच मिसळायला सुरुवात केली असेल तर आज थांबवा आणि त्याला सांगून टाका. भांडण होईल, होऊ द्या. ओढ कमी करणारी औषधं वेगळी आहेत, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकाम्प्रोसेट वगैरे. ती मानसोपचारतज्ज्ञ लिव्हर-किडनी पाहून ठरवतो.

आता उलटी चूक. श्रावण लागला की सोडली, माळ घातली की सोडली, टेकडीच्या गणपतीसमोर शपथ घेतली की सोडली. घरात आनंद. पण रोज पिणाऱ्याने एका फटक्यात सोडली तर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भिंतीवर किडे दिसतात, ते घरच्यांना ओळखत नाहीत, अंगात ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस यात मरतो. घरचे मात्र 'बाहेरचं झालं' म्हणून त्याला कुठेतरी उतरवायला नेतात. कोंडून ठेवून दारू सोडवणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

सकाळी तोंड धुण्याआधी घोट लागतो का? पूर्वी कधी फिट आली आहे का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर घरी सोडवायची नाही. दवाखान्यात डायझेपामच्या जातीची औषधं ठराविक डोसने सुरू करून पाच-सात दिवसांत उतरवत नेतात आणि बी-1, म्हणजे थायमिन, इंजेक्शनने देतात. गल्लीतल्या डॉक्टरकडे 'सलाईन लावून आणू' ही आपल्याकडची आवडती सवय. ग्लुकोजची बाटली लावणार असतील तर आधी थायमिन दिलं का ते विचारा. ज्याच्या शरीरात बी-1 संपलेलं आहे त्याला नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा, म्हणून सकाळीच जा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, मानसिक आरोग्याची टेली मानस 14416.

गाडी पाठवून रात्री माणूस उचलून नेणाऱ्या केंद्रांच्या नादी लागू नका. दारूचं व्यसन 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतं. संमती नसताना भरती करायची तर कलम 89 प्रमाणे दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत तीस दिवसांपर्यंत. चार पैलवान आणि एक व्हॅन ही भरती नव्हे. आणि 'वर्ध्याला बदली करून घे, तिथे दारूबंदी आहे' असं सांगणाऱ्या मामांना नमस्कार करा. बंदीच्या जिल्ह्यात पिणाऱ्याला कुठे मिळते ते पहिल्या आठवड्यात कळतं.

मर्यादांचं बोलू. 'तू पिऊ नकोस' ही मर्यादा नाही, विनंती आहे, आणि ती तुम्ही नऊ वर्षं करताय. मर्यादा म्हणजे तो प्यायला तर तुम्ही काय करणार. त्याच्या परवानगीशिवाय जे तुम्हाला करता येतं तेवढंच त्यात घाला. सुरुवातीला दोनच ठेवा, दहा नको.

माझं मत विचाराल तर पहिली पैशाची. तुमचा पगार तुमच्या एकटीच्या खात्यात. जॉइंट खातं 'दोघांपैकी कोणीही' अशा पद्धतीचं असेल तर तो एका दुपारी सगळं काढू शकतो आणि बँक काही म्हणणार नाही. शाळेची फी, घराचा हप्ता, वीजबिल, किराणा हे पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप जाईल अशी बँकेला सूचना देऊन ठेवा. त्याच्या पगारातला घरखर्चही त्याच पद्धतीने वळता करायला शुद्धीत असताना त्याची सही घ्या. दागिने तुमच्या एकटीच्या नावच्या लॉकरमध्ये. त्याच्या कुठल्याही कर्जाला जामीन राहायचं नाही. बारची उधारी भरायची नाही, दोस्ताचे पाचशेही नाही. तो नवीन आयुर्विमा काढणार असेल तर 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढायला लावा. ती रक्कम बायको-मुलांची राहते, त्याचं कर्ज वसूल करणाऱ्यांना सहसा हात लावता येत नाही. मात्र हे अर्ज भरतानाच लिहावं लागतं, जुन्या पॉलिसीला नंतर जोडता येत नाही.

दुसरी गाडीची. ही लोक हसण्यावारी नेतात. 42.8 टक्के व्हिस्कीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण साठ ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे ज्याने रात्री बारापर्यंत हाफ, साधारण दोन क्वार्टर, संपवली, त्याच्या रक्तात सकाळी आठलाही दारू असते. अंघोळ केली, लिंबूपाणी प्यायलं, तरी असते. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम, आणि पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा वाक्य असं: 'आदल्या रात्री तू प्यायला असशील तर मुलं सकाळी तुझ्या गाडीवर बसणार नाहीत, मी ऑटो लावलाय.' ऑटोवाल्याशी खरंच आधी बोलून ठेवा. सोय नसली की सकाळी पावणेआठला मर्यादा मोडते.

तिसरी नंतर घ्या, पण घ्याच: खोटं बोलणं बंद. 'साहेब, यांना ताप आहे' हा फोन तुम्ही करायचा नाही. पोळ्याच्या करीला बुडालेली हजेरी त्याची त्याने निस्तरायची. नोकरी जाईल ही भीती खोटी नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत ही मर्यादा जाहीर करू नका.

सांगायचं कधी? रात्री कधीच नाही. पिऊन आलेल्या माणसाशी वाद घातला की सकाळी त्याला फक्त तुमचा आवाज आठवतो. शुद्धीतली सकाळ, चहा झालेला, मुलं शाळेत. तीन वाक्यं बोला आणि उठा. 'तू पिऊन आलास की मी तुझ्याशी बोलणार नाही, मुलांना घेऊन आतल्या खोलीत झोपेन. जेवण झाकून ठेवलेलं असेल. न पिता आलास तर आपण सगळे सोबत जेवू.' शेवटचं वाक्य गाळू नका. न प्यायलेल्या संध्याकाळी घरात थोडी मजा असली पाहिजे, आवडीची भाजी, मुलांसोबत फुटाळा तलावावर चक्कर. त्या दिवशी मागचे हिशेब काढले की पिऊन येणं आणि न पिता येणं त्याला सारखंच वाटायला लागतं.

अमेरिकेत या पद्धतीला क्राफ्ट म्हणतात. 1999 च्या एका अभ्यासात, उपचाराला साफ नाही म्हणणाऱ्यांच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या. क्राफ्ट शिकलेल्यांकडे 64 टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोरासमोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीत 30 टक्के, आणि अ‍ॅल-अ‍ॅनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या आधारगटाच्या वाटेने 13 टक्के. अ‍ॅल-अ‍ॅनॉन वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ते नवऱ्याला आणण्यासाठी नसतंच, तुमच्यासाठी असतं, आणि जरूर जा. मी ही आकडेवारी देते ती बैठका बसवणाऱ्या काका-मामांसाठी.

चुकतं कुठे? पहिले दोन-तीन आठवडे तो जास्त पिऊन पाहतो, दार वाजवतो, रडतो, पायाही पडतो. त्यात तुम्ही एकदा दार उघडलं की किती वाजेपर्यंत वाजवायचं ते त्याला कळतं. नाहीतर दार सासूबाई उघडतात. म्हणून त्याला सांगाल त्याच दिवशी त्यांनाही सांगा, त्याच शब्दांत. बाटल्या मोरीत ओतू नका, तो नवीन आणतो आणि पैसे घरातलेच जातात. आणि दवाखान्याचं बोलायची वेळ हेरा. तो स्वतःच घाबरलेला असतो तेव्हा, गाडी ठोकल्यावर, मुलीने काही बोलल्यावर. त्या वेळी 'सांगितलं होतं ना' नको. 'उद्या सकाळी जाऊ, मी सुटी घेते,' बस.

हे सगळं तो हात उगारत नसेल तर. उगारत असेल तर वरच्या मर्यादा विसरा, दार लावून घेण्यानेही तो चवताळू शकतो. 112, महिलांसाठी 181. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद करा, 'पडले' म्हणू नका. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो. तिथे वकिलाशिवायही काम सुरू होतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला कायदेशीर प्रक्रियेशिवाय काढता येत नाही, संसार जिथे केला त्या घरात राहण्याचा हक्क कलम 17 देतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सासरच्या नावावरचं घरही त्यात धरलं. खर्चाला पैसे न देणं, दागिने विकणं हीसुद्धा या कायद्यात हिंसाच आहे. आधार, लग्नाचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, पासबुक यांचे फोटो बहिणीच्या फोनवर आजच पाठवा.

सोडून जावं का, हे मी सांगणार नाही. धमकी म्हणून आठ दिवस माहेरी जाणं आणि शपथेवर परत येणं, हे मात्र करू नका. जाल तर परतीची अट आधीच ठरवा, आणि ती कागदावर तपासता येईल अशी असू द्या: तीन महिने ओपीडीच्या तारखा कार्डावर भरलेल्या, औषध तुमच्यासमोर चालू. मध्ये एकदा घसरला तर तिथेच सगळं संपलं असं धरू नका, या आजारात घसरणं होतं. घसरल्यावर तो आठ दिवस लपवतो की दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो, ते पाहा.

थोडं मागाहून: हे मी रोज पिणाऱ्याबद्दल लिहिलं. महिन्यातून एकदा पिऊन धिंगाणा घालणाऱ्याचं गणित वेगळं असतं. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी असेल तर मानसोपचाराच्या आधी पोटाचा डॉक्टर.

आणि बैठक बसणारच. मामा म्हणतील, 'बाई, थोडं समजून घे.' तेव्हा कागद पुढे करा: ओपीडीला सोबत कोण जाणार, रात्री दार कोण उघडणार नाही, उधारी कोण भरणार नाही. खाली सासऱ्यांची सही घ्या. उधारी बहुधा तेच भरत असतात.