'पानी' अशुद्ध धरायचं का?

प्रश्न: एकाच गावात कुणी 'पाणी' म्हणतं, कुणी 'पानी', काहींच्या तोंडी तर दोन्ही येतं. याची नोंद करायची आहे. 'पानी' अशुद्ध धरायचं का? आणि मोजायचं कसं?

उत्तर: 'अशुद्ध' हा शेरा वहीत नकोच. संस्कृत 'पानीय'मध्ये न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला, तोच मराठीत आला. पुढे काही बोलींत ण आणि न एकरूप होऊन परत न ऐकू येऊ लागला. यात बिघाड कुठेच नाही. छापील मराठी ज्या बोलीवर उभी राहिली तिच्यात ण टिकला होता, एवढंच.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत २६४ कर्मचाऱ्यांना असं काही विचारलं की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच यावं. मग ऐकू न आल्यासारखं करून तेच पुन्हा वदवून घेतलं. महागड्या दुकानात ६२ टक्के जणांच्या बोलण्यात या शब्दांतला र निदान एकदा तरी ऐकू आला, स्वस्त दुकानात सुमारे २० टक्क्यांच्या. तिथे हा र प्रतिष्ठेचा. इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारात मात्र नेमका तोच गळतो. मान ध्वनीला नसतो, तो बोलणाऱ्याला असतो.

आता मोजणी. अर्धा तास मोकळ्या गप्पा रेकॉर्ड करा. नुसते न मोजत बसणं ही हमखास होणारी चूक. प्रमाण मराठीत जिथे ण आला असता अशा सगळ्या जागा आधी मोजा. ५० पैकी ४० जागी न आला, तर ८० टक्के. 'घंटा', 'थंड' वगळा, कारण पुढच्या ट-डमुळे तिथे ण आपोआप येतो. एक शब्द तीनदांपेक्षा जास्त धरू नका, नाहीतर एकटा 'आणि'च सगळा आकडा खाऊन टाकेल. विचारताना स्वतः 'पाणी' म्हणू नका, चित्र दाखवा. शब्दांची यादी वाचून घ्यायची तर अगदी शेवटी. आधी दिलीत की माणूस सावध होतो आणि मग गप्पांतही जपून बोलतो.

दोन्ही रूपं वापरणारा गोंधळलेला नसतो. समोर कोण आहे, यावर त्याचं रूप ठरतं. म्हणून वय, शिक्षण, व्यवसायाबरोबर श्रोता कोण होता हेही लिहा. तरुणांत न कमी दिसला म्हणून बोली बदलतेय असं लगेच ठरवू नका. नोकरीच्या वयात माणसं प्रमाण रूपाकडे झुकतात आणि पुढे पुष्कळदा परततातही. जपून बोलण्याच्या नादात कुणी 'मन'चं 'मण' केलं, तर त्यासाठी वेगळा रकाना ठेवा.